वाळ्याचा वास : एक की अनेक?

वाळ्याच्या अत्तराचा एकच फाया आपण चौघांना हुंगायला दिला तर काय होतं बघा. एकाला पहिल्या पावसाची माती आठवते, दुसऱ्याला माठातलं पाणी, तिसऱ्याला धूर. चौथा म्हणतो, ‘हिरवागार!’ आता वाळा म्हणजे तपकिरी मुळं. हा हिरवा रंग आला तो खसच्या सरबतातून.

मग खरं कोणाचं? माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात आणि ते प्रत्येकाचे थोडे वेगळे. म्हणजे फरक हुंगण्यापासूनच सुरू होतो. त्यात शब्दांची टंचाई. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त रंग सात, रस सहा, पण गंध दोनच : सुरभी आणि असुरभी. त्यापुढे आपण वस्तूंची नावं उसनी घेतो, आणि ती ज्याच्या त्याच्या आठवणीतून येतात.

पण ‘मोगरा’ असं सहसा कोणी म्हणत नाही, हेही लक्षात घेऊ. म्हणजे मतभेदालाही कुंपण आहे, आणि ते वाळ्यानंच घातलेलं आहे. म्हणून ‘तुझं नाक चुकतंय’ म्हणण्याआधी आपण विचारू या : ‘हा वास तुला आधी कुठे भेटला होता?’