जुन्या द्विधाव एंजिनाचा जीर्णोद्धार : म्हैसूरच्या जावा मोटारसायकली

म्हैसूर शहराच्या यादवगिरी भागात 1961 पासून 1996 पर्यंत मोटारसायकलींचा एक कारखाना चालू होता. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने रुस्तुम व फरोख इराणी यांनी तो उभारला. महाराज जयचामराजेंद्र वडियार यांचा या उद्योगास पाठिंबा होता. ‘जावा’ या नावाचा आग्नेय आशियातील बेटाशी काही संबंध नाही. प्राग येथील फ्रांतिशेक यानेचेक याने 1929 मध्ये वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले, आणि दोन्ही नावांच्या आरंभीच्या अक्षरांतून हे नाव झाले. चेक लोक त्याचा उच्चार ‘यावा’ असा करतात. आपण रोमन अक्षरे इंग्रजी वळणाने वाचली, म्हणून आपल्याकडे ते ‘जावा’ झाले. 1970 नंतरच्या दशकात म्हैसूरच्या गाड्या ‘येझ्दी’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या.

कारखाना बंद पडला, तरी गाड्या राहिल्या. म्हैसूर, बंगळूर, पुणे, कोल्हापूर अशा शहरांत गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली पडलेली एखादी जावा बाहेर काढून ती पुन्हा चालती करणे, हा आता अनेकांचा छंद झाला आहे. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी या गाड्यांचे मालक गावोगावी एकत्र जमतात. तेथे झळकणारा किरमिजी रंग, सोनेरी रेघा व क्रोमचा मुलामा पाहून नवशिक्याची अशी समजूत होते की जीर्णोद्धार म्हणजे मुख्यतः रंगकाम. ही समजूत महाग पडते. ज्या एंजिनात हवा शिरते, ते कितीही चकचकीत दिसो, काही दिवसांतच स्वतःचा नाश करून घेते. असे का होते, हे समजण्यासाठी एंजिनाची रचना पाहिली पाहिजे.

जावाचे एंजिन द्विधाव जातीचे आहे. दट्ट्या एकदा वर व एकदा खाली, अशा दोन धावांत त्याचे एक आवर्तन पुरे होते. या एंजिनाचा साधा प्रकार इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे याने 1891 च्या सुमारास सिद्ध केला. त्याची युक्ती अशी : दट्ट्याच्या खालची बंद पेटी, जिच्यात क्रँक फिरतो, तीच पंप म्हणून वापरावयाची. दट्ट्या वर जातो तेव्हा पेटीतील दाब उतरतो व कार्ब्युरेटरमधून हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. ठिणगी पडून दट्ट्या खाली येऊ लागला की हेच मिश्रण पेटीत दाबले जाते. खाली येता येता दट्ट्या प्रथम धूर बाहेर जाण्याचे द्वार उघडतो व लगेच बाजूची द्वारे उघडतो. त्यांतून दाबलेले मिश्रण वर उसळते आणि उरलासुरला धूर बाहेर लोटते. यात झडपा नाहीत, की त्या हलविणारी दंडयंत्रणा नाही. पेटीत वंगणतेल साठविण्याचीही सोय नाही, कारण तेथून तर मिश्रण जाते. म्हणून वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. जुन्या जावास सुमारे पंचवीस भाग पेट्रोलास एक भाग तेल असे प्रमाण लागते.

येथेच दुरुस्तीचे मर्म आहे. चार धावांच्या एंजिनात ही खालची पेटी थोडी गळाली तर तेलाचे थेंब जमिनीवर पडतात, एवढेच. द्विधाव एंजिनात पेटी गळली की पंपच बिघडला. क्रँकचा दांडा पेटीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतो. तेथे रबराची दोन कडी, ज्यांना कारागीर ऑइल-सील म्हणतात, हवा अडवून धरतात. वीस-तीस वर्षे गाडी उभी राहिली की हे रबर कडक होते व त्याला चिरा पडतात.

जावात क्लच डाव्या बाजूस व डायनॅमो उजव्या बाजूस असतो. डावीकडील सील गेले, तर क्लच-गिअरच्या पेटीतील तेल एंजिनात ओढले जाते. गाडी दाट पांढुरका धूर सोडते आणि गिअरचे तेल कोठेही न सांडता कमी होत जाते. उजवीकडील सील गेले, तर धूर मुळीच दिसत नाही, आणि हाच प्रकार अधिक घातक होय. बाहेरची कोरडी हवा आत शिरते, कार्ब्युरेटरमधून ओढले जाणारे पेट्रोल कमी पडते आणि त्याबरोबर येणारे तेलही कमी पडते. ज्वलन अधिक तापते. दट्ट्या ॲल्युमिनियमचा व सिलिंडर बिडाचा. त्याच उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. अखेर दट्ट्या सिलिंडरात गच्च बसतो. एंजिन ‘सीझ’ झाले, असे कारागीर म्हणतात. मूठ सोडल्यावरही एंजिनाचा वेग आपोआप चढू लागला, तर ती या दुखण्याची पूर्वसूचना समजावी व एंजिन तत्काळ बंद करावे.

याची परीक्षा घरीही करता येते. आत येणाऱ्या मिश्रणाचे द्वार रबराने बंद करावे. जावाच्या एकाच सिलिंडरास धुराच्या दोन नळ्या असतात, ती दोन्ही तोंडेही बंद करावीत. नंतर ठिणगीच्या प्लगच्या जागी नळी बसवून, रक्तदाब पाहण्याच्या रबरी फुग्याने हलकेच हवा भरावी. दर चौरस सेंटिमीटरला 0.3 ते 0.4 किलोग्रॅम एवढा दाब पुरे. तो काही मिनिटे टिकला पाहिजे. उतरू लागला तर जोडांवर साबणाचे पाणी लावावे, जेथे बुडबुडे येतील तेथे गळती आहे. झाडे कापण्याची जुनी साखळी-करवत दुरुस्त करणारे छंदिष्ट जगभर हीच परीक्षा घेतात, कारण तिचे एंजिनही याच जातीचे असते. आंद्रेआस श्टील याने जर्मनीत 1926 मध्ये विजेची व 1929 मध्ये पेट्रोलची करवत काढली. करवत आडवी-उलटी धरूनही चालावी लागते, म्हणून पुढे तिच्या कार्ब्युरेटरात पातळ पडदा आला. सीलांचे दुखणे मात्र दोघींचे एकच.

गाडी फार दिवस उभी असेल तर दट्ट्या बहुधा गंजाने अडकलेला असतो. त्यावर हातोडा चालविणे हा अपराधच समजावा. प्लगच्या छिद्रातून डिझेल व पातळ तेल ओतून पाच-सात दिवस वाट पाहावी, आणि मगच किक हळूहळू दाबून पाहावी. सिलिंडर निघाल्यावर तो वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजावा. झीज सर्वत्र सारखी नसते. दट्ट्याच्या कड्या जेथून वळतात त्या वरच्या भागी ती सर्वांत अधिक असते. जावाच्या 250 प्रकारात मूळ व्यास 65 मिलिमीटर व धाव 75 मिलिमीटर आहे. त्यावरून घनफळ सुमारे 249 घन सेंटिमीटर येते. झीज अधिक असेल तर सिलिंडर पाव मिलिमीटरच्या पायरीने मोठा कातून तेवढा मोठा दट्ट्या बसवितात. बिडाची भिंत अमर्याद जाड नसल्यामुळे प्रत्येक कातण्याबरोबर एंजिनाचे आयुष्य एका पायरीने घटते. म्हणून ज्यास नुसत्या नव्या कड्यांनी भागेल, त्याने लेथकडे धाव घेऊ नये. आधी दट्ट्या नवा आणून मग त्याच्या मापाने सिलिंडर कातणे, हाच योग्य क्रम होय.

मूळ सुटे भाग आता दुर्मिळ आहेत, आणि बाजारात मिळणाऱ्या नकलांचा दर्जा सारखा नसतो. मूळ भाग झिजला असला तरी, त्याने काम भागत असेल तर तो ठेवावा, असे आमचे मत आहे. उतरलेला क्रोम हा गाडीच्या वयाचा पुरावा आहे, त्याने एंजिनाचे काही बिघडत नाही. ब्रेकच्या बाबतीत मात्र हा नियम लावू नये. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲसबेस्टॉस असण्याचा संभव असल्याने तेथील धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी व अस्तर नवे घालावे.

एक अडचण मूळच्या कारखान्यास ठाऊक नव्हती. भारतात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते, जुन्या रबरी नळ्या व गॅस्केटे खराब करते, आणि पत्र्याच्या टाकीत गंज वाढविते. म्हणून सील व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात. गाडी महिनाभर उभी ठेवावयाची असेल तर पेट्रोलचा नळ बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत एंजिन चालू ठेवावे, आणि टाकीतील पेट्रोलही काढून घ्यावे.