ऊसतोडणीचें यंत्र आणि कोयता

घरोघर सकाळच्या चहांत पडणाऱ्या साखरेमागें महाराष्ट्रांत कोयत्याची मेहनत असते. ऊसतोडीच्या व्यवहारांत ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवराबायकोच्या जोडीस एक कोयता म्हणतात. बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून अशीं हजारों जोडपीं दिवाळीच्या सुमारास मुलेंबाळें घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. १९७२ च्या दुष्काळानंतर ही रीघ वाढली. निघण्यापूर्वीं मुकादमाकडून ‘उचल’ घ्यावयाची व हंगामभर तोड करून ती फेडावयाची, अशी रीत आहे. न फिटलेली बाकी पुढील हंगामावर चढते.

आतां त्याच फडांत यंत्र आलें आहे. तें ऊस जमिनीलगत कापतें, शेंडा उडवितें, कांडकीं करतें, पंख्यानें पाचट बाहेर फेंकतें व माल शेजारून चालणाऱ्या ट्रॉलींत टाकतें. एक कोयता दिवसाकाठीं दीड-दोन टन ऊस तोडतो. मोठें यंत्र सुमारें १०० टन. मजूर वेळेवर न मिळाल्यास उभ्या उसाचें वजन घटतें. तें नुकसान यंत्रानें टळतें. डोक्यावरून मोळ्या वाहण्याचे कष्टही वांचतात. हा लाभ खोटा नाहीं.

परंतु तो सर्वांच्या वांट्यास सारखा येत नाहीं. यंत्राची किंमत सुमारें १ कोटी रुपये. शासनाचें अनुदान मिळालें तरी मजुरास तें घेतां येणें शक्य नाहीं. त्यास चार-पांच फुटांची सरी व मोठें सलग रान लागतें. म्हणून लहान तुकड्याचा धनी कोयत्याचीच वाट पाहतो. मजूर जें वाढें बैलांस घालतात किंवा विकतात, त्याचेही यंत्रांत तुकडे होऊन तें शेतांतच पडतें.

म्हणून यंत्र अडवून कोपींतलें जिणें टिकवावें, असें मुळींच नव्हे. ज्या मुलांची शाळा दर हिंवाळ्यांत तुटते, त्यांचें तें जिणें लवकर सुटलेलेंच बरें. तथापि कष्ट सरले म्हणजे दारिद्र्य सरतें, असें नाहीं. कोयता सुटला कीं उचल बंद होईल. पण दुकानदाराची उधारी व लग्नकार्याचें कर्ज तसेंच राहील. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें महाराष्ट्रांतील ग्रामीण मजुरास काम मागण्याचा हक्क दिला. अशा कामांतून बांधबंदिस्ती व तळीं होऊन घरच्या रानास पाणी मिळालें, तर कोयता खालीं ठेवणाऱ्यास गांवांतच पोट भरतां येईल. यंत्र फडांत शिरण्याआधीं हें व्हावयास हवें. नाहींतर साखर निघत राहील आणि ती तोडणारीं माणसें दुसऱ्या कुठल्या तरी मुकादमाच्या दारीं उभीं राहतील.