डिझेलची जागा ऊस घेईल काय?



गळीत हंगाम तोंडावर आला की शिवारात दोन गोष्टींची चर्चा हमखास होते. एक उसाच्या दराची आणि दुसरी डिझेलच्या दराची. वरवर पाहता या गोष्टी वेगळ्या वाटतात, पण त्या एकाच खिशाला लागलेल्या आहेत. उसाची तोडणी आणि वाहतूक यांचा खर्च ऊसदरातून वजा होतो, हे आपणास ठाऊक आहेच. म्हणजे ट्रॅक्टरने जाळलेले डिझेल अखेरीस सभासदाच्याच पदरचे असते. त्यामुळे डिझेल म्हणजे काय, त्याला पर्याय कोणता आणि त्यात उसाचा वाटा किती, हे प्रत्येक ऊस उत्पादकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

याबाबत एक प्रश्न आम्हांस वारंवार ऐकू येतो. "साखर कारखाने इथेनॉल बनवतात, ते पेट्रोलमध्ये जाते. मग तेच आमच्या ट्रॅक्टरात का घालता येत नाही?" प्रश्न रास्त आहे. उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल.

इंजिन पेटते कसे?

पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नाहीच. तेथे नुसती हवा सिलिंडरमध्ये घेऊन ती सोळा-सतरा पट दाबतात. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे बूड कसे तापते, ते आपण पाहिलेच आहे. तोच प्रकार येथे फार मोठ्या प्रमाणावर होतो. दाबलेली हवा पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटतो आणि तो आपोआप पेट घेतो.

हे इंजिन जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने शोधले. १८९७ साली ऑग्सबर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वी ठरले. इंधनातील उष्णतेपैकी सुमारे चौथा हिस्सा त्याने कामी लावला. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हे साधत नव्हते. आपल्याकडे विहिरीवर पाणी उपसणाऱ्या ऑइल इंजिनांपासून आजच्या ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरपर्यंत सगळा पसारा याच तत्त्वावर उभा आहे.

आता मुद्दा असा, की ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला पंधराशे फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला सेकंदाचा पंचविसावा भाग मिळतो. त्यातही फवारा सुटून पेट घेण्यास सेकंदाचे हजारातले दोन-तीन भागच हाती असतात. तेवढ्यात इंधन पेटले पाहिजे. इंधनाच्या या चपळाईला मोजमाप आहे. त्यास सिटेन अंक म्हणतात. एप्रिल २०२० पासून देशभर मिळू लागलेल्या भारत स्टेज-६ डिझेलचा सिटेन अंक किमान ५१ असावा लागतो.

इथेनॉलची अडचण

इथेनॉलचा सिटेन अंक दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. डिझेल सव्वादोनशे-अडीचशे अंशांना आपोआप पेट घेते, इथेनॉलला साडेतीनशेच्या वर जावे लागते. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते भोवतालची पुष्कळ उष्णता शोषून घेते. हाताला स्पिरिट लावले की गार वाटते ना, तेच हे. म्हणजे तापलेली हवा ते स्वतःच थंड करते आणि मग पेटायला उशीर लावते. पेट्रोल इंजिनात हाच गुण ठरतो, कारण तेथे इंधनाने ठिणगीची वाट पाहायची असते. पेट्रोल गाडीला जे सोन्यासारखे, ते डिझेल गाडीला मातीमोल!

दुसरी अडचण वंगणाची. डिझेल हे थोडे तेलकट असते. इंधनाचा पंप आणि नोझल यांचे नाजूक भाग डिझेलच्याच ओलाव्यावर फिरतात. इथेनॉल कोरडे आहे. ते मिसळल्यास पंप झिजतो.

तिसरी अडचण पाण्याची. इथेनॉल पाणी ओढून घेते. डिझेल आणि इथेनॉल यांचे मिश्रण मुळातच फार घट्ट नाही. थंडी पडली किंवा थोडे पाणी शिरले की दोन्ही वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी इथेनॉल-पाण्याचा थर बसतो. इंजिनास कधी हे मिळते, कधी ते.

चौथी अडचण जिवाची आहे. बंद टाकीत इंधनावर वाफ साठते. डिझेलची वाफ नेहमीच्या हवामानात इतकी विरळ असते की ती सहसा पेटत नाही. पेट्रोलची वाफ टाकीच्या आत इतकी दाट असते, की पेटायला हवाच पुरत नाही. इथेनॉलची वाफ मात्र आपल्या हवामानात नेमकी मधली, म्हणजे पेट घेण्याजोगी असते. डिझेलची वाफ ज्या तापमानास भडका घेते ते किमान ३५ अंश असावे असे मानक आहे. इथेनॉलचे ते तापमान १३ अंशांच्या आसपास आहे. डिझेलमध्ये दहा टक्के इथेनॉल घातले, तरी मिश्रण इथेनॉलसारखेच वागू लागते. तेव्हा कोणी सांगितले म्हणून स्पिरिट, थिनर किंवा पेट्रोल डिझेलच्या टाकीत ओतू नये. चार पैसे वाचवायला जाऊन टाकीचा बॉम्ब करून घेण्यासारखे आहे ते.

शिवाय हिशेबही पाहावा. एक लिटर डिझेलइतकी उष्णता मिळवण्यास सुमारे पावणेदोन लिटर इथेनॉल लागते.

जगाने काय केले?

ब्राझीलने १९७५ साली उसापासून इथेनॉलचा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आज तेथे इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारी घरोघरी आहेत. पण त्याच ब्राझीलमध्ये ऊस वाहणारे ट्रक बहुतांशी डिझेलवरच चालतात. त्या डिझेलमध्ये ऑगस्ट २०२५ पासून १५ टक्के बायोडिझेल मिसळतात, तेही मुख्यतः सोयाबीन तेलाचे, उसाचे नव्हे.

स्वीडनने वेगळी वाट धरली. स्टॉकहोम शहरात १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून इथेनॉलवर बसगाड्या धावू लागल्या. पण त्यासाठी इंजिनच बदलावे लागले. हवा सोळा-सतरा पटींऐवजी २८ पट दाबावी लागली आणि इथेनॉलमध्ये पेट घेण्यास मदत करणारे द्रव्य मिसळावे लागले. अशीच एक बस २०१४ साली आपल्या नागपुरातही धावली. म्हणजे गोष्ट अशक्य नाही, पण ती खास इंजिनासाठी आहे. आपल्या दारातल्या ट्रॅक्टरास ती लागू पडत नाही.

आपल्याकडेही डिझेलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रयत्न झाले. ते यशस्वी झाले नाहीत, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले. त्याऐवजी आयसोब्युटेनॉल मिसळण्यावर पुण्याच्या एआरएआय या संस्थेत संशोधन चालू असल्याचेही त्यांनी सांगितले. आयसोब्युटेनॉल हेही अल्कोहोलच, आणि तेही साखरेपासून आंबवून करता येते. ते डिझेलमध्ये अधिक नीट मिसळते, पाणी कमी ओढते आणि त्यात उष्णताही इथेनॉलपेक्षा जास्त असते. पेट घेण्याची मंदगती मात्र त्यालाही सुटलेली नाही. म्हणून प्रयोग पूर्ण झाल्यावाचून त्यावर भिस्त ठेवणे योग्य नव्हे.

बायोडिझेलची गोष्ट

१९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले होते. तेव्हा वनस्पती तेल हे काही नवे इंधन नाही. मात्र कच्चे तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट असते. त्याचा फवारा नीट सुटत नाही, नोझलवर काजळी धरते, रिंगा चिकटतात. म्हणून तेलावर मिथेनॉल व कॉस्टिकची प्रक्रिया करतात. ग्लिसरीन वेगळे निघते आणि राहते ते बायोडिझेल. ते पातळ असते, चांगले पेटते, वंगणही उत्तम देते.

गुणात खोट नाही, खोट आहे पुरवठ्यात. २००३ पासून देशात जट्रोफाच्या लागवडीचा मोठा बोलबाला झाला. पडीक जमिनीवर, पाण्यावाचून भरपूर बी येईल, अशी आशा होती. प्रत्यक्षात झाड जगले, पण बी धरले नाही. खाद्यतेल तर आपण निम्म्याहून अधिक परदेशातून आणतो, मग ते इंजिनात कसे जाळणार? २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेलचे उद्दिष्ट ठेवले. ते अजून फार दूर आहे.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. रस्त्याकडेला बॅरलमधून "बायोडिझेल" म्हणून स्वस्तात विकले जाणारे प्रत्येक द्रव बायोडिझेल असतेच असे नाही. पावती नाही, मानकाचा उल्लेख नाही, असे इंधन घेऊ नये. पंप आणि नोझल बदलण्याच्या खर्चात स्वस्ताई कुठल्या कुठे जाते.

प्रेसमडमधला गॅस

मग ऊस डिझेलला पर्याय देणारच नाही काय? देईल, पण मळीतून नव्हे, तर प्रेसमडमधून. गाळलेल्या उसाच्या साधारण तीन ते चार टक्के प्रेसमड निघते. ती बंद टाकीत कुजवली की गोबरगॅससारखा गॅस निघतो. तो शुद्ध करून दाबून भरला की सीबीजी झाला, म्हणजे पंपावरच्या सीएनजीच्याच गुणाचा गॅस. त्याच्या खरेदीसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये 'सतत' योजना सुरू केली.

हिशेबाच्या सोयीसाठी पाच लाख टन गाळप करणारा कारखाना धरू. त्याची प्रेसमड पंधरा ते वीस हजार टन. साधारण पंचवीस टनांस एक टन गॅस, या मानाने सहाशे ते आठशे टन गॅस निघेल. एक किलो गॅसची उष्णता सुमारे १.३ लिटर डिझेलइतकी असते. म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने आठ ते दहा लाख लिटर डिझेलची बरोबरी झाली. गॅसचे इंजिन डिझेलइतके काटकसरी नसल्याने प्रत्यक्ष काम काहीसे कमी होईल, तरी हा आकडा लहान नाही.

सभासद विचारतील, "प्रेसमडचा गॅस केला, तर आमच्या खताचे काय?" शंका योग्य आहे. गॅसमध्ये जातो तो मुख्यतः कर्ब. नत्र, स्फुरद, पालाश बव्हंशी राहिलेल्या चोथ्यात आणि पाण्यात शिल्लक राहतात. म्हणून असा प्रकल्प जेथे उभा राहील, तेथे तो चोथा शेतात परत आला पाहिजे, ही अट सभासदांनी आग्रहाने धरावी. जमिनीचे देणे जमिनीला मिळालेच पाहिजे.

अडचणी यातही आहेत. प्रेसमड चार-पाच महिनेच निघते आणि उघड्यावर पडली की तिच्यातला गॅसचा अंश घटत जातो, त्यामुळे साठवण नीट हवी. ट्रॅक्टरलाही बदल करावा लागतो. सीएनजीवर चालणारा रूपांतरित ट्रॅक्टर फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीत सादर झाला, पण गावोगावी गॅस भरण्याची सोय झाल्याशिवाय तो शेतकऱ्याच्या उपयोगी नाही. तोवर ऊस वाहतुकीच्या ठराविक मार्गावरील वाहनांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे होईल.

आज हाती काय आहे?

देशात वर्षाला सुमारे नऊ कोटी टन डिझेल खपते आणि कच्चे तेल आपण ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. एवढी मोठी जागा एकटा ऊस घेणार नाही. पण डिझेल वाचवणे हा पर्याय आजच आपल्या हातात आहे. वाहनधारक सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. गव्हाणीपुढच्या रांगेत इंजिन बंद करावे. उभा ट्रॅक्टरही तासाला लिटरच्या आसपास डिझेल पितो.

२. धुराकडे लक्ष द्यावे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त, आधी एअर क्लीनर साफ करावा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे, नोझल तपासून घ्यावे.

३. टाकी संध्याकाळी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्री दव धरते आणि ते पाणी पंपात जाते. फिल्टरच्या वाटीतले पाणी वेळोवेळी काढावे.

४. डिझेल जस्ताचा मुलामा दिलेल्या डब्यात साठवू नये. जस्ताशी त्याची प्रक्रिया होऊन गाळ धरतो.

५. टायरमधील हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे ठेवावी. मऊ टायर रस्त्यावर डिझेल खातो.

उसाचे इथेनॉल पेट्रोलमध्ये जाऊ द्यावे, ती त्याची योग्य जागा आहे. प्रेसमडचा गॅस ट्रॅक्टरला मिळावा म्हणून आग्रह धरावा. आणि तोवर टाकीतला प्रत्येक लिटर आपल्याच ऊसबिलातून आलेला आहे, हे विसरू नये.