मोटारीची केबल कोठून न्याल?



भाताची कापणी उरकली, की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात विहिरींवरच्या मोटारी पुन्हा सुरू होतात. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि समुद्राचा खारा वारा केबल, स्टार्टर व मेन स्विच यांनी सोसलेला असतो. पंप घेताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. केबल मात्र जवळची वाट सापडेल तेथून नेतो. कोठे गडग्यावरून, कोठे माडाला बांधून, तर कोठे कुंपणाच्या तारेवरून! आवरण घासून सोलले, की त्या कुंपणातच वीज उतरते. तीन फेजचा दाब ४१५ व्होल्ट असतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसाचा जीव घ्यायला तो पुरेसा आहे.

मेन स्विचची जागा

मेन स्विच पंपघराच्या दाराशी, छातीइतक्या उंचीवर, पागोळी लागणार नाही अशा भिंतीवर बसवावा. पाण्यात पाय न ठेवता तेथे हात पोचला पाहिजे. स्टार्टरचे बटण दाबून मोटार थांबते, पण स्टार्टरमध्ये वीज असतेच. शिवाय ऑटो स्विच लावला असेल, तर गेलेली वीज परत येताच मोटार आपोआप फिरू लागते. म्हणून विहिरीत उतरण्यापूर्वी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढा आणि खिशात ठेवा.

केबलची वाट

जमिनीखालून आर्मर्ड केबल न्यावी. चर अडीच फूट खोल असावा. केबलच्या खाली-वर वाळू आणि त्यावर जुनी कौले घालावीत, म्हणजे पुढे कुदळ मारणारा सावध होतो. मधे जोड नको. कातळात चर खणता येत नसेल, तर केबल लोखंडी पाइपातून न्यावी आणि पाइपालाही अर्थिंग द्यावे. सुट्या तारा असतील तर तिन्ही फेज एकाच पाइपातून न्याव्यात. एकेक फेज वेगळ्या लोखंडी पाइपातून नेल्यास पाइप तापतो. स्टार-डेल्टा स्टार्टरपासून मोटारीकडे सहा तारा जातात, त्यांनाही हाच नियम.

स्टार्टरमध्ये केबल खालच्या बाजूने, ग्लँड लावून घ्यावी. आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तेथेच गळून पडते. विहीर लांब असेल, तर बारीक केबल घेऊन पैसे वाचवू नका. वाटेत व्होल्टेज पडते, मोटार जास्त करंट ओढते आणि जळते.

अर्थिंग

आपला जांभा पाणी धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. खड्ड्यात कोळसा-मीठ भरावे व कलमांना पाणी देताना तेथेही घागरभर ओतावे. मोटार, स्टार्टर व मेन स्विच या तिन्हींच्या लोखंडी अंगाला अर्थिंगची तार जोडलेली हवी.

हंगामाची पहिली मोटार चालू करण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून मेगर लावून तपासणी करून घ्या. मग घरातल्या बायकामुलांना, गड्यांना पंपघरात न्या आणि मेन स्विच कसा बंद करायचा ते दाखवा. कोणी विजेला चिकटलाच, तर त्याला हात लावायचा नाही. आधी स्विच बंद करायचा. हे घरात प्रत्येकाला पाठ असू द्या.