टंचाईचे वचन

जानेवारी २०२१ मध्ये ई-बे या संकेतस्थळावरील लिलावात खेळण्याचे एक पान ५ लाख ११ हजार १०० डॉलरला विकले गेले. ‘ब्लॅक लोटस’ हे त्याचे नाव. १९९३ साली ते ज्या पाकिटातून निघाले, ते पाकीट काही थोड्या डॉलरांत मिळत असे. तेच पान आज पुन्हा छापावयाचे म्हटले, तर कागद आणि शाई यांचा खर्च नगण्यच येईल. मग ही किंमत आहे तरी कशाची?

गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला. ड्रॅगन, राक्षस, देवदूत अशा कल्पित जीवांची चित्रे आणि त्यांचे बळ दर्शविणारे आकडे या पानांवर असतात. खेळाडूने आपला कॅट आपणच जमवावयाचा. आरंभीच्या बंद पाकिटात १५ पाने असत आणि त्यांत दुर्मिळ पान एकच. ते कोणते, हे पाकीट फोडल्यावाचून कळत नसे. म्हणजे खेळाबरोबर मूल सोडतीचे तिकीटही विकत घेत होते.

१९९५ मध्ये कंपनीने ‘क्रॉनिकल्स’ या संचात अनेक जुनी पाने पुन्हा छापली. खेळणाऱ्यांची सोय झाली. परंतु संग्राहक आणि दुकानदार खवळले. तेव्हा १९९६ मध्ये कंपनीने एक यादीच जाहीर केली आणि तीतील पाने पुन्हा छापणार नाही, असे वचन दिले. ‘ब्लॅक लोटस’ त्या यादीत आहे. त्याच्या किमतीचे मूळ या वचनात आहे.

दिलेला शब्द पाळावा, हे खरेच. त्या शब्दावर विसंबून अनेकांनी पैसा गुंतविला आहे. परंतु २०२२ मध्ये त्याच कंपनीने तिसाव्या वर्धापनदिनानिमित्त अशीच जुनी पाने निराळ्या पाठीसह छापली. ती अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत, आणि चार पाकिटांची किंमत होती ९९९ डॉलर! शब्दाचे अक्षर राखले गेले. सामान्य खेळाडू मात्र दाराबाहेरच राहिला.

धान्य दडवून भाव चढविणाऱ्यास समाज साठेबाज म्हणतो. येथे कोणी उपाशी राहत नाही, म्हणून कायद्याला त्याचे सोयरसुतक नाही. तथापि खेळ हा खेळणाऱ्यांचा की साठविणाऱ्यांचा, हा प्रश्न उरतोच. एखाद्या ग्रंथाची पहिली आवृत्ती दुर्मिळ असते, तिला मोलही भारी येते. म्हणून त्या ग्रंथाची स्वस्त आवृत्ती काढू नये, असे कोणी म्हणत नाही. संग्राहकाने मूळ पान खुशाल तिजोरीत ठेवावे. खेळणाऱ्या मुलाला मात्र त्याची स्वस्त प्रत मिळावी, आणि ती स्पर्धेत चालावी.