कान माणसाचा, दुरुस्ती मागाची

साध्या यंत्रमागातला लाकडी धोटा पोटात बाण्याच्या म्हणजे आडव्या सुताची कांडी घेऊन ताण्याच्या उभ्या धाग्यांतून पलीकडे जातो, म्हणजे खरं तर फेकला जातो. पिकर या ठोकणाऱ्या भागाचा दणका बसला की क्षणार्धात त्याचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो आणि समोरच्या हातभर पेटीत तो तितक्याच झटक्यात अडवला जातो. मिनिटाला असे १२० फेरे धरले आणि माग न थांबता चालला, तर १२ तासांच्या पाळीत ८६,४०० दणके होतात. हा एका मागाचा हिशेब. इचलकरंजीजवळच्या कबनूरच्या शेडमध्ये असे माग ओळीने मांडलेले असतात. एकेक कामगार त्यांतले चार, सहा, कधी आठही सांभाळतो.

विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. पुढे धंदा वाढत शेजारच्या कबनूरात आला. इथे कित्येक ठिकाणी शेड आणि बिऱ्हाड यांच्यात एक भिंतच काय ती असते. त्यामुळे खडखडाट कामगाराच्या कानापाशी थांबत नाही, शेजारच्या घरातल्या अभ्यासाला बसलेल्या मुलापर्यंतही जातो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातली आहे.

साध्या मागांच्या शेडमध्ये आवाज साधारण ९५ ते १०५ डेसिबल असतो. डेसिबलचे आकडे फसवे असतात. दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते, आणि ३ डेसिबल वाढले तरी ती दुप्पट झालेली असते. उलट बाजूने पाहिलं तर २४ पैकी १२ माग बंद केले तरी शेडमधला आवाज ३ डेसिबलनेच उतरेल. आपल्याकडच्या कारखाना नियमांनुसार ९० डेसिबलमध्ये ८ तास, ९५ मध्ये ४ आणि १०० मध्ये फक्त २ तास काम करता येतं. १२ तासांची पाळी या तक्त्यात कुठेच बसत नाही.

कानातल्या शंखाकृती भागात पंधराएक हजार सूक्ष्म केसपेशी असतात. एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान सुरू होतं ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीत. स, श, थ, फ ही व्यंजनं आधी पुसट होतात. माणसाला आवाज येतो, शब्द लागत नाही. घरच्यांना वाटतं, बाबा लक्ष देत नाहीत. हा बहिरेपणा २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदवलेला होता.

यावर सर्वांत स्वस्त सल्ला म्हणजे कानात बोळे घाला. मला हा सल्ला अपुरा वाटतो, आणि कारण कामगाराच्या हट्टात नाही, कामातच आहे. मुरलेला कामगार माग कानाने सांभाळतो. पाठीमागच्या मागाचा ठेका जरा बदलला की तो वळतो, कारण बाणा तुटला असेल किंवा धोटा अडकला असेल. मजुरी मीटरवर, पिकांच्या म्हणजे बाण्याच्या फेऱ्यांच्या हिशेबाने, म्हणून थांबलेला माग त्याचंच नुकसान. कान बंद करायचे म्हणजे हातातलं हत्यार खाली ठेवण्यासारखंच. सुरक्षाशास्त्रातही बोळे आणि मास्क शेवटच्या पायरीवर येतात. त्याआधी धोका मुळातून काढणं, धोक्याची गोष्ट बदलणं, आणि मग यंत्रात किंवा इमारतीत सुधारणा करणं. माणसाने १२ तास काही लक्षात ठेवावं, यावर या वरच्या पायऱ्या अवलंबून नसतात.

साध्या मागांच्या जागच्या जागी दुरुस्तीसाठी केंद्राने अनुदान दिलं, २०१७ च्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत तेही होतं. ताणा किंवा बाणा तुटला की माग आपोआप थांबवणारी यंत्रणा, चांगला ब्रेक, स्वतःचं वंगण स्वतः पुरवणारे नायलॉनचे भाग असं सामान त्यात येतं. हेतू कापडाची प्रत सुधारण्याचा होता. पण माग स्वतःच थांबू लागला की कामगाराच्या कानावरची राखण उतरते, मग बोळे घालणंही शक्य होतं. आणि लोखंडावर लोखंड आपटण्याऐवजी मध्ये नायलॉन आलं की ठोका मऊ होतो.

मग शेड. पत्र्याचं छत, सिमेंटच्या भिंती आणि फरशी यांवर आवाज आपटून परत येतो. छताखाली खनिज लोकरीचे पॅनल टांगून शोषणक्षमता दुप्पट केली, तर हा घुमणारा भाग ३ डेसिबलने कमी होतो. मागाला चिकटून उभ्या असलेल्याला त्याचा फायदा थोडा, लांबच्याला जास्त. मागाखालच्या रबरी पॅडचंही तसंच आहे. शेडमधला गोंगाट त्यांनी फारसा घटत नाही, शेजारच्या घराची हादरणारी जमीन मात्र शांत होते. शेजाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाच्या आहेत फटी. भिंत कितीही जाड असो, तिच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का भाग उघडा राहिला तर ती २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. खिडक्या नुसत्या बुजवल्या तर आत माणूस उकडून निघेल. म्हणून हवा वळणावळणाने येईल अशी आतून अस्तर लावलेली झडप हवी. कबनूरचे फॅब्रिकेशनवाले ती सहज बनवतील.

रॅपियर किंवा एअरजेटसारखा आधुनिक माग घेतला की धोटाच जातो, आणि त्याच्याबरोबर तो उडून डोळ्याला लागण्याचा धोकाही जातो. आवाज मात्र बहुधा ८५ डेसिबलच्या वरच राहतो, कारण हे माग कितीतरी वेगाने धावतात.

धूळ हा दुसरा शत्रू. मागावरचा कचरा दाबाच्या हवेने उडवला की माग स्वच्छ होतो आणि तंतू, खळीचा भुगा कामगाराच्या नाकाशी येतो. हवा मारण्याऐवजी ती ओढून घ्यायला हवी. फॅक्टरी कायद्याचं कलम १४ हेच सांगत होतं: धूळ जिथे उठते तिथेच, शक्य तितक्या जवळ शोषून घ्या. अमेरिकेने १९७८ मध्ये कापूसधुळीवर मर्यादा घातली, तेव्हा गिरणीमालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८१ मध्ये हरले. नवी यंत्रं आली, धूळ घटली, उत्पादन वाढलं, आणि खर्च भाकितापेक्षा बराच कमी निघाला.

कबनूरात मालक अनेकदा स्वतःच खर्चीवाला असतो. सूत व्यापाऱ्याचं, माग याचा, मिळकत मीटरमागे ठरलेली. छताच्या पॅनलचा खर्च त्या पैशांतून निघणार नाही, आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही. मोजकेच कामगार असलेली त्याची शेड फॅक्टरी कायद्याच्या कक्षेतही बहुधा येत नसे. म्हणून माग-दुरुस्तीच्या अनुदानाच्या यादीतच रबरी पॅड, छताचे पॅनल, धूळ ओढणारं यंत्र आणि आवाज अडवणारी झडप यायला हवी, आणि दुरुस्तीआधी व नंतर डेसिबल मोजून ते आकडे शेडच्या दारावर लावायला हवेत. मोजायला माणसं लांबून आणावी लागणार नाहीत. वस्त्रोद्योग शिकवणारी डीकेटीई ही संस्था इचलकरंजीतच आहे.