घरीच बनवा गिटारचं ओव्हरड्राइव्ह पेडल: आधी आवाज, मग डबा, शेवटी रंग

इलेक्ट्रिक गिटार हातात आली की थोड्याच दिवसांत एक प्रश्न पडतो. आपला आवाज गाण्यांमधल्यासारखा जाडसर, तापलेला का येत नाही? उत्तर बहुतेक वेळा पायाखालच्या छोट्या डब्यात असतं. तो डबा म्हणजे ओव्हरड्राइव्ह पेडल. आत फार काही नसतं: एक आयसी, दोन-तीन डायोड, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर आणि तीन नॉब. सोल्डरिंग जमत असेल तर हे घरी नक्की बनतं.

तरी घरी बनवायला घेतलेली बरीच पेडल्स ड्रॉवरमध्ये पडून राहतात. सर्किट अवघड असतं म्हणून नाही, तर क्रम चुकतो म्हणून. माझंही पहिलं पेडल तसंच झालं. डबा छान रंगवला, सगळं आत कोंबलं, वायर लावली आणि अँपमधून फक्त ‘घूंऽऽ’ असा आवाज! दोष नेमका कुठे आहे हे शोधायला सगळं पुन्हा उसकटावं लागलं आणि रंगाचे टवके उडाले ते वेगळेच. म्हणून या लेखात क्रम पक्का ठेवू: आधी आवाज, मग डबा, शेवटी रंग.

आवाज ‘फाटतो’ म्हणजे काय होतं?

गिटारमधून येणारा सिग्नल लहान असतो, साधारण ०.१ व्होल्टच्या आसपास. जोरात तार छेडली तर त्याहून जास्त. तो मर्यादेपलीकडे वाढवला की लाटेचे माथे कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लाटेत मूळ सुराबरोबर नवे स्वर मिसळतात आणि आवाज भरदार वाटतो.

सुरुवातीला लोकांनी हे फारच रांगड्या पद्धतीने केलं. लिंक रे याने स्पीकरच्या कागदाला भोकं पाडली, तर ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने स्पीकर चिरला. १९६२ मध्ये ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ हे पेडल बाजारात आलं आणि स्पीकर फाडायची गरज संपली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये आयबानेझचं ‘ट्यूब स्क्रीमर’ आलं. सुसुमु तामुरा यांच्या या डिझाइनची आजवर अगणित रूपं निघाली. आपलं सर्किट त्याच्याच पहिल्या अर्ध्या भागावर आधारलेलं आहे.

काय काय लागेल?

पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे बहुतेक भाग मिळून जातात. थ्री-पीडीटी फूटस्विच आणि ॲल्युमिनियमचा डबा मात्र ऑनलाइन मागवावा लागू शकतो.

- आयसी ४५५८ (किंवा टीएल०७२) आणि ८ पायांचा आयसी बेस
- डायोड १एन४१४८ दोन, १एन५८१७ एक
- रेझिस्टर: ४७० किलोओहम एक, ५१ किलोओहम एक, १० किलोओहम दोन, ४.७ किलोओहम दोन, १ किलोओहम एक
- कपॅसिटर: ५१ पिकोफॅरड, ०.०२२, ०.०४७, ०.२२, १, ४७ आणि १०० मायक्रोफॅरड, प्रत्येकी एक
- पॉट: ड्राइव्हसाठी ५०० किलोओहम, टोनसाठी २२ किलोओहम, आवाजासाठी १०० किलोओहम (लॉग)
- दोन मोनो जॅक, डीसी सॉकेट, एलईडी, फूटस्विच, ब्रेडबोर्ड, व्हेरोबोर्ड

पायरी १: ब्रेडबोर्डवर आवाज काढा

आधी वीज. ९ व्होल्टची धन बाजू १एन५८१७ मधून आयसीच्या ८ नंबरच्या पायाला द्या आणि ४ नंबरचा पाय ग्राउंडला जोडा. हा डायोड म्हणजे रखवालदार. गिटार पेडलच्या अडॅप्टरमध्ये बहुधा पिनच्या मधोमध ऋण असतं, घरातल्या इतर अडॅप्टरमध्ये मात्र सहसा धन. उलटा अडॅप्टर लागला तर डायोड वीज अडवतो आणि आयसी वाचतो. ८ नंबरचा पाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० मायक्रोफॅरड लावा.

आता दोन १० किलोओहम रेझिस्टर लावून ९ व्होल्टचे दोन भाग करा. मधल्या बिंदूवर साधारण ४.५ व्होल्ट मिळतील. तिथून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड जोडा. गिटारची लाट वर-खाली दोन्हीकडे जाते, तिला झुलायला ही मधली पातळी लागते.

सिग्नलचा रस्ता असा:

१. इनपुट जॅकपासून ०.०२२ मायक्रोफॅरडमधून पाय ३. त्याच पायापासून ४७० किलोओहम मधल्या बिंदूला.
२. पाय १ आणि पाय २ यांच्यामध्ये तीन समांतर वाटा: पहिली ५१ किलोओहम आणि ड्राइव्ह पॉट एकापुढे एक, दुसरी ५१ पिकोफॅरड, तिसरी एकमेकांच्या उलट दिशेने लावलेले दोन १एन४१४८.
३. पाय २ पासून ४.७ किलोओहम, मग ०.०४७ मायक्रोफॅरड, मग ग्राउंड.
४. पाय १ पासून १ मायक्रोफॅरड, मग १ किलोओहम. तिथून एक फांदी टोन पॉट आणि ०.२२ मायक्रोफॅरडमधून ग्राउंडला, दुसरी व्हॉल्यूम पॉटला. व्हॉल्यूम पॉटचं दुसरं टोक ग्राउंडला, मधला पाय आउटपुटला.
५. आयसीचा दुसरा अर्धा भाग रिकामा आहे. त्याला मोकळा सोडू नका. पाय ६ आणि ७ एकत्र जोडा, पाय ५ मधल्या बिंदूला द्या.

थोडं गणित केलं की नॉब फिरवताना आत काय होतं ते समजतं. ड्राइव्ह शून्यावर असताना सिग्नल साधारण १२ पट वाढतो, पूर्ण फिरवल्यावर ११८ पट. ०.१ व्होल्टचे ११८ पट म्हणजे जवळपास १२ व्होल्ट. आपल्याकडे तर ९ च आहेत! पण तिथवर वेळच येत नाही. वाढ साधारण ०.६ व्होल्टला पोचली की डायोड वाहू लागतात आणि माथे हळूच दाबतात. शिवाय मूळ स्वच्छ सिग्नल त्यावर तसाच स्वार राहतो. म्हणून हा आवाज फझसारखा करकरीत न होता गोलसर येतो.

४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड ही जोडी साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना कमी वाढवते. गिटारची सर्वात जाड तार ८२ हर्ट्झची. ती पूर्ण ताकदीने क्लिप झाली तर आवाजाचा चिखल होतो.

इथेच थांबा आणि डायोड बदलून बघा

घरी बनवण्याचा खरा फायदा हाच. दोन लाल एलईडी लावा: ते साधारण १.७ व्होल्टला वाहतात, त्यामुळे आवाज मोठा आणि मोकळा होतो. जर्मेनियम डायोड ०.३ व्होल्टच्या आसपासच वाहू लागतात, त्यामुळे आवाज लवकर आणि मऊ फाटतो. एका दिशेला दोन आणि दुसऱ्या दिशेला एक डायोड लावून बघा. लाटेच्या दोन बाजू वेगवेगळ्या कापल्या जातात आणि पोत बदलतो. बॉसच्या ‘एसडी-१’ पेडलमध्ये हीच युक्ती आहे. कानाला पटेल ती जोडी ठरवा, मगच व्हेरोबोर्डवर सोल्डर करा.

पायरी २: डबा

पेडलसाठी साधारण ११२ × ६० × ३१ मिलिमीटरचा ओतीव ॲल्युमिनियमचा डबा वापरतात. धातूचा डबा ग्राउंडला जोडला की बाहेरचा विजेचा गोंगाट आत शिरत नाही. प्लॅस्टिकच्या डब्यात ही सोय नाही.

कागदावर मापं काढून तो डब्यावर चिकटवा, सेंटर पंचने खूण करा, आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि मग स्टेप ड्रिलने वाढवा. पॉटला ७, जॅकला १०, फूटस्विचला १२ मिलिमीटर लागतात. काठ कानशीने साफ करा. डोळ्यांवर गॉगल हवाच.

रंगाआधी सगळं एकदा डब्यात बसवून, फूटस्विच आणि एलईडी (उरलेल्या ४.७ किलोओहममधून) जोडून वाजवून बघा. झाकण लागतं का, जॅकची पट्टी बोर्डाला टेकते का, हे आत्ताच कळेल.

पायरी ३: रंग आणि नक्षी

सगळं परत बाहेर काढा. डबा २२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, भांड्याच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा. धातूचा प्रायमर मारा आणि त्यावर स्प्रे रंगाचे पातळ हात द्या. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. पावसाळ्यात दमट हवेत स्प्रेवर पांढुरकी झाक येते, तेव्हा कोरडा दिवस निवडा.

नक्षीसाठी गेरूच्या रंगावर पांढऱ्या ॲक्रिलिक मार्करने वारली चित्रं सुरेख दिसतात. तारपा नाचाचा गोल नॉबभोवती काढला तर नॉब हाच त्याचा मध्य होतो. नावं मराठीत लिहा. माझ्या पेडलचं नाव ‘ठेचा’ आहे आणि नॉबवर ‘तिखट’, ‘आंबट’, ‘आवाज’ असं लिहिलंय. फक्त एक भान ठेवा: हे सगळं उभ्याने, अंधुक उजेडात वाचायचं असतं. अक्षरं मोठी हवीत, आणि नॉबखाली झाकली जाणारी नकोत.

वरून क्लिअर कोट मारण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला चाचणी घ्या. काही मार्करची शाई त्यात पसरते. पहिला हात अगदी धुक्यासारखा हलका द्या.

आणि माझी चूक? जॅकच्या आतल्या बाजूलाही रंग गेला होता. जॅकमधून डब्याला ग्राउंड मिळालंच नाही, म्हणून तो ‘घूंऽऽ’. जॅकभोवतीचा आतला रंग खरवडून धातू उघडा केला आणि पेडल शांत झालं.

आवाजच आला नाही तर?

- आधी मल्टिमीटर: पाय ८ वर ९ च्या थोडे खाली, पाय १ वर साधारण ४.५ व्होल्ट हवेत.
- आयसी उलटा बसलाय का? खाच आणि पाय १ तपासा.
- अँपला जाणाऱ्या केबलच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरड जोडा, तिचं ग्राउंड पेडलच्या ग्राउंडला द्या आणि कपॅसिटरचं मोकळं टोक इनपुटपासून पुढे एकेका बिंदूला टेकवत जा. जिथे आवाज गायब, दोष त्याच्या अलीकडच्याच भागात.
- अँप मात्र कधीही उघडू नका. पेडलचे ९ व्होल्ट निरुपद्रवी असतात, अँपमधले नसतात.

हे पेडल बिघडलं तर कुठला भाग काय करतो हे आता तुम्हाला माहीत आहे. पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकायचं कारणच उरत नाही.